चौकुळचे सुभेदार आणि मागचा टायर

“पण अजून किती चालेल, तेवढं तरी सांगा.”

यशोधन मांगलेनं हे दुसऱ्यांदा विचारलं. सुभेदार त्याच्या बाईकच्या मागच्या टायरपाशी उकिडवे बसले होते. तळहात रबरावरून फिरत होता. मधोमध आला की थांबत होता.



सुभेदार भिकाजी गावडे सैन्यात होते तेव्हा मोटरसायकलवरून डोंगरातल्या चौक्यांना डाक पोचवायचे. पुढं तीच विद्या त्यांनी नव्या जवानांना शिकवली. निवृत्त झाल्यावर ते आंबोलीजवळ चौकुळला, आपल्या गावी येऊन राहिले. लांबच्या प्रवासाचं वेड असलेली कोल्हापूरकडची मुलं त्यांच्याकडं यायची. सुभेदार शिकवायचे भरपूर, बोलायचे कमी. त्यांनी ‘जा’ म्हटल्याशिवाय त्यांचा कुणी शिष्य दुसऱ्यांना मागं घेऊन डोंगरात शिरत नसे.

यशोधन त्यांचा सगळ्यात तरबेज शिष्य. गणपती झाले की आठ जणांना घेऊन तो हिमाचलात स्पितीला निघणार होता. पुढं तो, मागं सगळे. त्याला फक्त तो एक शब्द हवा होता.

“मधे सपाट झालाय,” सुभेदार म्हणाले.

यशोधनजवळ उत्तर तयार होतं. हायवेवर सरळ पळणाऱ्या गाडीचा टायर मधोमधच झिजतो, सगळ्यांचाच झिजतो. खाचेत झिजेची खूण असते, तिथपर्यंत रबर अजून आलेलं नाही. हे कडक रबर त्यानं स्वतः पारखून घेतलं होतं. बाकीच्यांचे टायर बदलून झाले, त्याचा अजून तोच होता. हे सांगताना त्याच्या आवाजात थोडी ऐट आली.

“म्हणजे चांगला आहे,” सुभेदार म्हणाले.

“चांगला आहे.”

“ओल्या घाटात?”

“ओल्या घाटातही.”

सुभेदार उठले. घरात गेले, हेल्मेट घालून बाहेर आले. गळ्याखालचा पट्टा आवळला. यशोधनच्या खांद्याला धरून मागच्या सीटवर बसले.

“चल. घाट उतरून दाणोलीपर्यंत. एरवी जातोस तसा.”

यशोधन हसला. त्याला वाटलं, परीक्षा सोपी आहे.

आंबोली मागं पडली आणि धुकं लागलं. श्रावणातला बारीक पाऊस. रस्ता काळा, चकचकीत. एका अंगाला पाणी गळणारा कडा, दुसऱ्या अंगाला कठडा, आणि कठड्यापलीकडं नुसतं पांढरं.

पहिल्या वळणावर त्यानं गाडी कलवली. गाडी क्षणभर अडली, मग एकदम पडल्यासारखी कलली. टायरचा सपाट भाग संपून कड लागली की असं व्हायचं. हे काही आजचं नव्हतं. एकटा असताना तो त्या झोक्याला सरावला होता, इतका की तो त्याला जाणवतही नसे.

आज जाणवला.

मागं सत्तरी ओलांडलेला माणूस बसला होता. त्यानं यशोधनला धरलंही नव्हतं. हात आपल्याच गुडघ्यांवर ठेवले होते.

दुसरं वळण. पुन्हा तोच झोका. यशोधननं वेग कमी केला.

“एरवी असाच जातोस?” मागून आवाज आला.

त्यानं वेग वाढवला.

तिसऱ्या वळणावर कड्यावरून आलेलं पाणी रस्त्यावरून आडवं वाहत होतं. त्याला ते दिसलं, पण तोवर गाडी कललेली होती. पुढचं चाक पार झालं. मागचं झालं नाही. ते शांतपणे, आवाज न करता, कठड्याकडं सरकलं. यशोधनला आपल्या खालून रस्ता निघून गेल्यासारखं वाटलं.  ब्रेककडं गेलेलं बोट त्यानं कसंबसं आवरलं... हँडल सैल धरलं... चाकानं पुन्हा रस्ता पकडला आणि गाडी एक हिसका देऊन सरळ झाली.

कठडा इतक्या जवळून गेला की त्यावरचं शेवाळ दिसलं.

पुढं रस्ता रुंद होता तिथं त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. पायानं स्टँड लावायला गेला. स्टँड दोनदा निसटला.

सुभेदार उतरले. हेल्मेट काढलं.  खालच्या दरीत कुठंतरी पाणी कोसळत होतं.

“तिथं पाणी होतं,” यशोधन अखेर म्हणाला.

सुभेदारांनी वाकून मागच्या टायरकडं बघितलं.

“तुम्हाला माहीत होतं. हात लावला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं, हा घसरणार.”

“हं.”

“मग बसलात कशाला?” त्याचा आवाज चढला. तो गुरूंवर असा कधी ओरडला नव्हता. “काही झालं असतं तर?”

सुभेदारांनी मिशीवरचं पाणी पुसलं.

“तू म्हणालास, चांगला आहे.”

...

खालून एक रिकामा टेम्पो वर येत होता. सुभेदारांनी त्याला हात केला आणि चालकाशेजारी बसून गेले. यशोधन तिथंच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं ते आठ जण आले. तो वळणात जिथून जाईल तिथूनच ते जाणार होते. त्यांच्यातल्या एकानंही त्याचा टायर कधी बघितला नव्हता. त्यानं सांगितलं होतं, तेवढं त्यांना पुरलं होतं.

तो परत चौकुळला गेला नाही. चालत्या माणसाच्या वेगानं घाट चढला आणि कोल्हापूरचा रस्ता धरला.

टायर मात्र त्यानं लगेच घेतला नाही. आता कुठला घ्यावा हेच त्याला उमगेना. गणपतीचे दिवस त्यानं त्या विचारातच घालवले. आपल्या नजरेवर त्याचा पूर्वीसारखा भरवसा राहिला नव्हता. विसर्जन झालं, निघायला एक दिवस उरला, तेव्हा तो दुकानात गेला.

दुकानदारानं तीन टायर पुढं मांडले. एक कडक रबराचा, तो स्पितीला जाऊन येईल आणि वर आणखी एक प्रवास करील. एक मऊ, ओल्या रस्त्याला चिकटून राहणारा, पण परतीच्या वाटेवरच संपेल असा. तिसरा मधे कडक आणि दोन्ही कुशींना, गाडी कलली की रस्त्याला लागतात तिथं, मऊ. तोही कडकाइतका टिकणार नव्हता.

यशोधननं तिथूनच सुभेदारांना फोन लावला आणि तिन्ही टायर सांगितले. घाटातल्या त्या सकाळनंतर पहिल्यांदाच.

सुभेदारांनी टायरबद्दल काहीच विचारलं नाही. रस्ता कुठला, सामान किती, घाटात पाऊस लागेल का, एवढं विचारलं. यशोधननं सांगितलं. राजस्थान, पंजाब ओलांडेपर्यंत सरळ हायवे. नंतर डोंगर, नाले, खडी. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या.



“मला एवढंच सांगा,” यशोधन म्हणाला. “यातला न झिजणारा कोणता?”

“जो रस्ता धरत नाही तो,” सुभेदार म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

यशोधन बराच वेळ तिन्ही टायरांपुढं उभा होता. मग त्यानं मधे कडक आणि कुशीला मऊ असलेला घेतला. कुशीवर छापलेली तयार झाल्याची तारीख वाचून बघितली. पुढच्या चाकालाही त्याच जातीचा जोड घेतला. दोन्ही बसवून, हवा भरून तो घरी आला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना शहराबाहेरच्या पेट्रोल पंपावर सगळे जमले. पेट्या बांधलेल्या, रेनकोट चढवलेले. भुरभुर सुरू होती. सुभेदार चौकुळहून निरोप द्यायला आले होते.

यशोधन सगळ्यांच्या पुढं उभा होता. त्याच्या मागं नेत्रा शिंत्रे. ही इचलकरंजीची दातांची डॉक्टर, शांत चालवणारी. तिच्या मागं बाकीचे एका रांगेत.

सुभेदार रांगेतून हळूहळू पुढं आले. एकेकाच्या टायरला हात लावत. कुणाला हवा बघायला सांगितली, कुणाला दोरी आवळायला. यशोधनपाशी आले आणि उकिडवे बसले.

नवं रबर आरशासारखं चमकत होतं. त्यावरचे रबराचे बारीक केसही अजून तसेच होते. सुभेदारांनी त्यावरून बोट फिरवलं. बोट सर्रकन घसरलं. साच्यातला तेलकट थर अजून तसाच होता; शे-दीडशे किलोमीटर झिजल्याशिवाय नवा टायर ओला रस्ता धरत नाही. तेच बोट त्यांनी यशोधनपुढं धरलं.

“कधी बसवलास?”

“काल संध्याकाळी.”

सुभेदार उठले. नेत्राकडं बघून म्हणाले, “तू पुढं हो.”

रांगेत कुणी हललं नाही. नेत्रानं यशोधनकडं बघितलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. सगळे ऐकत होते. ज्यांना तो घेऊन जाणार होता ते सगळे.

“सुभेदार...” त्यानं आवाज खाली आणला. “तुम्ही झिजला म्हणालात, मी बदलला. विचारून बदलला. आता या सगळ्यांत नवा टायर माझा आहे.”

“म्हणून.”

नेत्रानं हलकेच गाडी पुढं घेतली. मग तिच्या मागचा गेला. मग त्याच्या मागचा. एकेक दिवा यशोधनच्या बाजूनं निघून गेला. तो हँडल घट्ट धरून उभा राहिला. आत्ता गाडी वळवून घरी जावं असं त्याच्या मनात आलं, आणि ते सुभेदारांनाही कळलं असावं, कारण ते त्याच्याकडंच बघत होते.

शेवटची गाडी गेली. यशोधनच्या पुढं आठ तांबडे दिवे होते.

त्यानं गिअर टाकला.

“मी पुढं कधी यायचं?” त्यानं मान न वळवता विचारलं.

सुभेदारांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“आधी थोडा झीज.”