रिकाम्या कप्प्याची वीज

एकदा एक वृद्ध गुरुजी ऐन वैशाखात घरचा पंखा बंद करून विहिरीचे पाणी दोराने शेंदताना दिसले, आणि गावाला वाटले, म्हातारपणी गुरुजींना चळ लागला. विहिरीवर चांगली मोटर होती. पठारावरच्या तीन पवनचक्क्या गावाने स्वतःच्या श्रमाने उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्या विजेत प्रत्येक घराप्रमाणे गुरुजींचाही वाटा होता. तो वाटा त्यांनी सोडून दिला होता. कोणासाठी? तर एका रिकाम्या कप्प्यासाठी. आता याला काय म्हणावे!

हा कप्पा गावाच्या डेटा सेंटरमधला. नाव भारदस्त, वस्तू साधी. सोसायटीचे धान्याचे जुने गोदाम आणि त्यात संगणकांची चार कपाटे, पवनचक्क्यांच्या विजेवर चालणारी. आसपासच्या दवाखान्यांची, शाळांची, दूधसंघाची माहिती त्यांत सांभाळली जाई. कपाटे चारच, कारण वाराही तेवढाच. पाचवे मांडायचे तर गावाचे दिवे मंदावले असते. उद्घाटनाच्या दिवशीच ठरले होते की, श्रमदान केलेल्या प्रत्येक घराचा इथे एकेक कप्पा राहील आणि त्यात ज्याने त्याने हवे ते ठेवावे. कोणी जमिनीचे कागद ठेवले, कोणी लग्नाचे फोटो. द्वारकाबाई नावाच्या एका आजारी बाईने आपला आवाज ठेवला.

त्या गावात नवरीची हळद तिच्या आईने जात्यावर दळायची आणि दळताना स्वतः रचलेली ओवी म्हणायची, अशी रीत होती. ती ओवी त्या दिवसाआधी कोणाला ऐकवायची नाही, हाही रीतीचाच भाग. द्वारकाबाईंची लेक वेणू तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या हळदीपर्यंत आपण पुरणार नाही, हे बाईंना ठाऊक होते.

सेंटर चालवणारी होती गुरुजींची शिष्या. हुशार, प्रामाणिक आणि कामाला चोख. शाळेत असताना गुरुजींनी सगळ्या वर्गाकडून एक वाक्य पाठ करवून घेतले होते: 'वर्षभर हात लागत नाही, ती अडगळ.' दर दिवाळीच्या सुट्टीआधी या वाक्याच्या गजरात शाळेची कपाटे आवरली जात. इतर मुले ते वाक्य विसरली. शिष्येने मात्र ते पदराला बांधून ठेवले.

पुढे दहा-बारा वर्षांनी शहरातून एक व्यापारी आला. व्यापारी आला म्हणजे गोड बोलणे आलेच. "तुमची वीज स्वतःची, जागा तयार. मला एक कपाट मोकळं करून द्या, गावातल्या चार पोरांना इथेच काम मिळेल," तो म्हणाला. प्रस्ताव वाईट नव्हता. शिष्येने वर्षभरात न उघडलेल्या कप्प्यांची यादी केली आणि ती महिनाभर चावडीवर लावली. कोणी हरकत घेतली नाही. सेंटरच्या मंडळाचे वडीलधारे म्हणून गुरुजींनी यादीवर सही केली. वर मथळ्यात आपलेच वाक्य पाहून ते मनातून सुखावलेही होते. खालची नावे त्यांनी वाचली नाहीत. शिष्येने कप्पे पुसले, त्यांच्या प्रतीही पुसल्या. काम अर्धवट सोडण्याची तिला सवय नव्हती.

दोन वर्षांनी वेणू आली. आई गेल्यापासून ती मामाच्या गावी वाढली होती. गोदामाच्या दाराशी तिने चपला काढल्या आणि म्हणाली, "ताई, उद्या माझी हळद हाय. आईनं ठिवलंय ते द्याल का?"

शिष्येने तासभर शोधले. शेवटी तिला खरे सांगावे लागले. वेणू रडली नाही. "मशिनीत नीट हाय, असं मामा म्हणायचा. म्हणून मी निवांत हुते," एवढेच बोलून तिने चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी मामीने हळद दळली. जाते नुसतेच घरघरत राहिले.

आता गुरुजी शिष्येला फैलावर घेणार, असे सगळ्यांना वाटले. पण ते तिला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी द्वारकाबाईंचा कप्पा व्यापाऱ्याकडून परत मागून घेतला, तो रिकामाच चालू ठेवायला सांगितले आणि त्याची वीज आपल्या वाट्यातून कापून दिली.

शेवटी शिष्याच विहिरीवर गेली.

"गुरुजी, शिक्षा मला द्या. आवाज मी पुसला. आणि त्या कप्प्यात आता काहीच नाही. मग वीज कशाला जाळता?"

गुरुजींनी घागर काठावर टेकवली. त्यांना धाप लागली होती.

"तुझ्या घरी बियाण्याची कणगी आहे ना? वर्षातून किती वेळा उघडता?"

"एकदाच. पेरणीला."

"मग बाकीचं वर्ष ते बी अडगळ असतं का?" गुरुजींनी कपाळावरचा घाम पुसला. "पोरी, हे मी तुला शाळेत विचारायला हवं होतं. शेतकऱ्यांच्या मुलांना मी अडगळीचा धडा दिला आणि कणगीचा द्यायचा विसरलो. काही गोष्टी रोजच्या असतात, काही एकाच दिवसाच्या. त्या दिवसापर्यंत त्या सांभाळायच्या, म्हणून तर गावानं आपापला कप्पा मागितला होता. पुसलंस तू, पण तुझ्या हाताला वळण माझं होतं, आणि सहीही माझी. कप्पा रिकामा आहे हे मला कळतं. पण अंगाला घाम आला की रोज दुपारी द्वारकाबाई आठवतात. यादीवर सही करतानाच त्या आठवायला हव्या होत्या."

शिष्येने त्यांच्या हातातला दोर घेतला आणि राहिलेल्या घागरी भरल्या.

लग्नानंतर वेणू पहिल्यांदा गावात आली, तेव्हा शिष्या तिला हात धरून गोदामात घेऊन गेली. "आठवेल तेवढं म्हण," ती म्हणाली.

"आई इथं म्हणत होती तवा मी दाराआड हुते. एकच ओळ ध्यानात हाय," वेणू म्हणाली आणि हळूच गायली, "पहिली गं मूठ माझी, लेकीच्या हळदीला..."

पुढची ओळ तिला येत नव्हती. आता ती कोणालाच येत नव्हती.

शिष्येने तेवढी ओळ कप्प्यात ठेवली आणि बाहेर चिठ्ठी लावली: 'कधी उघडेल, माहीत नाही. पुसू नये.' कप्पा आता रिकामा नव्हता. तरीही त्या उन्हाळ्यात गुरुजींनी आपला पंखा काही लावला नाही.