तीन पोळ्या

मला एक सांगा, पडद्यावरचा आकडा म्हणतो मिल भुकेली आहे आणि कान म्हणतो तिचं पोट तट्ट भरलंय, तर भरवसा कुणावर ठेवाल?

हर्षल गजभियेनं आकड्यावर ठेवला. मी तिथंच बसलो होतो.

माझा धंदा पोलादी गोळ्यांचा. खनिज दळायची बॉल मिल म्हणजे आडवं, गरगर फिरणारं भलंमोठं पिंप. पट्ट्यावरून मँगनीजचा दगड आत पडतो, सोबत पाणी, आणि आमचे गोळे आदळून त्याचा भुगा करतात. गोळे झिजले की माझी ऑर्डर. म्हणून अधूनमधून कारखान्यात चौकशीला जायचं.

"या शेठ," कंट्रोल रूममधून मालतीबाई म्हणाल्या. "गोळे अजून धडधाकट आहेत तुमचे. वाईट वाटून घेऊ नका."

बाई तिथल्या प्रमुख, लवकरच निवृत्त होणार होत्या. हर्षल त्यांच्याच हाताखाली घडलेला. त्यानं मिलला आपोआप चालवणारी यंत्रणा बसवली होती आणि त्या दिवशी तिची चाचणी होती. जमली तर बाईंची खुर्ची त्याला.

"मोटरला वीज कमी लागली, म्हणजे मिल रिकामी. लगेच दगड वाढतो," तो मला ऐटीत सांगत होता. "कान लावून बसायचे दिवस गेले, शेठ."

बाई नुसत्या हसल्या.

दुपारी विजेचा आकडा उतरला. दगड वाढला. आकडा आणखी उतरला. दगड आणखी वाढला.

बाहेरचा खणखणाट बसत गेला... ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा. धंद्यात राहून एवढं मलाही कळतं. पोट फार भरलं की गोळे वर चढून आदळत नाहीत, चिखलात लोळतात, आणि मग वीजही कमीच लागते. पण बाई गप्प, तिथं मी कोण बोलणार?

"भूक लागलीय तिला आज," हर्षल म्हणाला. कपाळावर घाम.

बाईंनी कुठल्याच बटणाला हात लावला नाही. डबा उघडला. पोळीत भाजी गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"खा."

"नको, बाई."

"नको म्हणतोस? म्हणजे फार भूक असणार." त्यांनी दुसरी पोळी गुंडाळली, त्याच्या मांडीवर ठेवली.

"बाई, खरंच जात नाही हो."

"अरे देवा. इतकी भूक?" तिसरी पोळी.

हर्षलनं मान हलवली.

"का जात नाही रे, बाळा?"

"भीती बसलीय पोटात. जागाच नाही."

तो पोळ्यांकडे बघत राहिला. मग पडद्याकडे. मग कान बाहेर गेला त्याचा...

उठला आणि दगडाचा पट्टा बंद केला.

"पाणी चालू राहू दे," बाई हळूच म्हणाल्या.

आम्ही तिघं थांबलो. बऱ्याच वेळानं आत एक गोळा वाजला. मग दुसरा. मग सगळा खणखणाट परत आला, आणि आकडा चढू लागला.

हर्षलनं डोळे पुसले.

"बाई... पट्टा अडकला होता, असं लिहू का चाचणीच्या नोंदीत? शेठ काही बोलायचे नाहीत."

मी छताकडे पाहिलं. व्यापाऱ्याला ते चांगलं जमतं.

बाई उठल्या. स्वतःची खुर्ची ओढून त्याच्यामागं लावली, खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं.

"आधी जेव. मग तिला किती भरवलंस, ते खरं लिही."