गरम चहा आणि तुटलेला सूर

एकदा एका बाईचं म्हणणं घरात कुणी खरं मानेना. "मी मोबाईलला हातसुद्धा लावला नव्हता," ती शपथेवर सांगे. नवरा म्हणे, "मग नेट काय भुतानं खाल्लं?"

त्यांची मुलगी एका वृद्ध गायिकेकडे गाणं शिकत होती. ताई परगावी राहत, त्यामुळे शिकवणी मोबाईलच्या पडद्यावर चाले. मुलीने आलाप धरावा, तो जरा रंगात यावा, आणि नेमका ताईंचा चेहरा उघड्या तोंडानिशी गोठून राही. नवरा व्यापारी. दुकानातून आला की चहाचा कप हातात घेऊन घरभर फिरे आणि नेट तुटलं की बायकोवर ओरडे, "लावली वाटतं मोबाईलवर मालिका." अखेर एके सकाळी त्याने जाहीर केलं, "आज एकदा जरी तुटलं, तर गाणं बंद."

त्या धास्तीने मुलगी दिवसभर रियाजाला बसलीच नाही. आईने आपला मोबाईल बंद करून देवापुढे ठेवला, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. खरं बोलणाऱ्यालाच जास्त भीती असते. खोटं बोलणारा निदान तयारीत असतो.

संध्याकाळी ताई पडद्यावर आल्या. षड्ज लावायला न सांगता म्हणाल्या, "वडिलांना बोलाव. त्यांच्या चहासकट."

व्यापारी आला. "बसा," ताई म्हणाल्या. "कप खाली ठेवा. मी सांगेपर्यंत उठायचं नाही आणि प्यायचंही नाही."

म्हातारीचं डोकं फिरलं, असं त्याला वाटलं, पण बसला. मुलगी गायली. सूर एकदाही तुटला नाही. आई मात्र मुलीच्या प्रत्येक श्वासाला पदर मुठीत आवळत होती.

व्यापारी खूश झाला. "बघा ताई, मी समोर बसलो तर कुणाची हिंमत झाली नाही. घरात धाक पाहिजे."

"आता चहा घ्या," ताई म्हणाल्या. "मुली, तू गात राहा."

"गारढोण झाला की हो." तो उठला. "गरम करून आणतो. चहासाठी मी बायकोला उठवत नाही, माझं मी करतो."

स्वयंपाकघरात फ्रिजवर नेटचा डबा होता आणि त्याला खेटूनच मायक्रोवेव्ह ओव्हन. ओव्हनचं दार लागलं, घरघर सुरू झाली, आणि ताईंचा चेहरा गोठला. मुलगी गायची थांबली. मग ओव्हनची घंटी वाजली, आणि ताई हलल्या.

व्यापारी फुंकर मारत बाहेर आला. "तुटलं ना? मी पाठ फिरवायची खोटी. झालं, आजपासून बंद."

"गाणं बंद करायचं की चहा, ते मागाहून ठरवू," ताई शांतपणे म्हणाल्या. "दर वेळी तुम्ही कप घेऊन हिच्या मागून जाता, मग सूर तुटतो, आणि परत येतो तो या घंटीबरोबर. ओव्हनमधून निसटलेल्या लहरी शेजारच्या नेटच्या लहरींना चिरडतात, एवढंच. डबा दुसऱ्या खोलीत न्या, भागेल. पण मला दुसरंच सांगायचं आहे. दोषाला नाव दिलं नाही, की तो वाऱ्यावर राहत नाही. घरात ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याच्या अंगावर जाऊन बसतो. तो तिथून उठवायचा, तर खरं नाव घ्यावं लागतं."

व्यापारी कपात बघत पुटपुटला, "म्हणजे दोष ओव्हनचा म्हणायचा."

"ओव्हन आपण होऊन सुरू झाला का?" ताईंनी आईकडे पाहिलं. "बाई, तुम्ही सांगा. कोण उठलं होतं?"

लग्नातल्या उखाण्यानंतर त्या बाईने नवऱ्याचं नाव कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं. 'अहो' आणि 'हे' यांवर सारा संसार निभावला होता. तिने मुठीतला पदर सोडला, सारखा केला, आणि उखाणा न घेता म्हणाली, "पद्माकर."