बेहड्याच्या झाडाला पिसं

त्या मुलखाच्या मधोमध एक दरी होती आणि दरीवर पूल नव्हता. पूल बांधावा असं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण करकोचे होते. जमिनीवर चालणाऱ्याला पलीकडे जायचं झालं की त्यानं गवताच्या टोपलीत बसायचं, करकोच्यानं टोपलीची कडी चोचीत धरायची, आणि डोळे मिटून उघडेपर्यंत पलीकडचा काठ.

करकोच्यांच्या घरी शिस्त फार. आभाळात दोघं समोरासमोर आले की धाकट्यानं थोरल्याला मुजरा करायचा, चोच वाजवून. खट्, खट्, खट्. तीनदा, कमी नाही की जास्त नाही. आता चोचीत टोपली असताना चोच वाजवायची कशी? म्हणून नियम होता, की आधी टोपली चोचीतून पायांत घ्यावी आणि मग मुजरा करावा. नियम चांगला होता. त्यात काही खोट नव्हती.

दरीच्या अलीकडे एका बेहड्याच्या झाडावर झिपरी खार राहायची. तिची ढोली पार वर, जिथं खोडाला दोन फांद्या फुटतात तिथं. आईची ढोली, त्याआधी आजीची. सूर्य उगवला की आधी झिपरीला दिसायचा आणि मग मुलखाला, असं ती स्वतःच सांगायची. पलीकडे बहिणीला तीन पिल्लं झाली म्हणून कळलं, तेव्हा झिपरीनं शेपटी विंचरली, चार अक्रोड फडक्यात बांधले आणि टोपलीत जाऊन बसली.

निघताना कारकून करकोच्यानं तिच्या कानामागं एक पांढरं पीस खोचलं.

"हे हो कशाला?" झिपरीनं विचारलं.

"मान असतो तुमचा. पडू देऊ नका," कारकून म्हणाला.

पिसावर बारीक बारीक काहीतरी कोरलेलं होतं. झिपरीला वाचता येत नव्हतं. नक्षी असेल असं वाटून तिनं मान ताठ केली.

टोपली उचलणारा करकोचा नवा होता. कामावरचा त्याचा दुसरा दिवस. दरीच्या बरोबर मध्यावर आले आणि समोरून कोण यावं? खुद्द थोरले करकोचे, साऱ्या थव्याचे धनी. मुजऱ्याला उशीर झाला तर? पोरानं तत्काळ मुजरा केला. मुजरा झाला मात्र अगदी झकास. तीनदा, खणखणीत, थोरल्यांनी मान डोलावली. टोपली पहिल्या खट्‌लाच गेली होती.

झिपरी मेली नाही. दरीच्या उतारावर करवंदीची जाळी होती, तिनं झेललं. पण पुढचा उजवा पंजा टोपली आणि खडक यांच्यामध्ये आला आणि चेचला. हाड जुळलं ते वाकडं जुळलं. बोटं मिटायची राहिली. आणि बोटं मिटत नसतील तर खारीनं झाड धरायचं कशानं?

बेहड्याच्या मुळाशी चुंदाक्का नावाची म्हातारी चिचुंद्री बिळात राहायची. अंगाला वास, जिभेला धार. तिनं झिपरीला आत घेतलं.

"ये बाई, ये," ती म्हणाली. "आजवर वरून टरफलं टाकलीस माझ्या दारात, आता स्वतःच येऊन पडलीस. सरकून बस. आणि नाक मुरडायचं नाही, सांगून ठेवते."

आठवड्यानं करकोच्यांकडून दोघं जण विचारपूस करायला आले. लांब टांगा दुमडून बिळाच्या तोंडाशी उभे राहिले. फार वाईट झालं म्हणाले, वारा फार होता म्हणाले.

"वारा नव्हता," झिपरी म्हणाली. "आणि मला दुसरं काही नको. पाय गेला तो गेला. तुम्ही ढोलीपर्यंत एक वेलीची शिडी बांधून द्या, म्हणजे मी माझ्या घरी जाईन आणि पोटापुरतं खाली उतरेन. तुम्हाला एका सकाळचं काम आहे."

"एका सकाळचंसुद्धा नाही हो, घटकेचं," त्यातला मोठा म्हणाला. "आत्ता बांधली असती. पण बांधली म्हणजे आम्ही पाडलं असं कबूल केल्यासारखं होईल. तसं झालं तर थव्याच्या नावाला बट्टा. तुम्ही असं करा, तळ्यावर अर्ज लावा. तळ्यावरून हुकूम झाला की आम्ही बांधतोच!"

एवढं बोलून दोघं उडाले, ते बेहड्याच्या शेंड्याला वळसा घालूनच गेले.

तळ्यावर न्याय मिळत असे. न्यायाच्या खडकावर कासवमहाराज बसत. मुलखानं कासवाला नेमलं होतं ते विचार करून, म्हणजे घाईघाईनं निवाडा झाला असं कुणी म्हणू नये. महाराजांना तीनशे वर्षं जगायचं होतं, त्यामुळं त्यांना कशाचंच अगत्य नसे. खाली कारकून पाणकोंबडी. ती येणाऱ्याचं नाव पुकारी, आणि जाणाऱ्याच्या हातात तारखेचं पीस ठेवी. त्या मुलखात पानांवर लिहीत नसत, पानं चुरगळतात. पिसांवर लिहीत. आणि पिसं कुठून यायची? करकोच्यांचीच. दरसाल पिसं झडली की ते गठ्ठे बांधून तळ्यावर पोचवीत, फुकट. तेवढीच न्यायाला मदत.

पहिल्या तारखेला झिपरी तीन पायांवर उड्या मारत पोचली, ती दुपारीच. करकोच्यांच्या बाजूनं साळुंकी उभी होती. साळुंकीला सगळ्यांचे आवाज काढता येत, त्यामुळं ती ज्याच्याबद्दल बोले त्याच्याच आवाजात बोले आणि ऐकणाऱ्याला खरं वाटे.

"महाराज," साळुंकी म्हणाली, "अर्जदारणीच्या कानामागं पीस होतं की नव्हतं, एवढं विचारा."

"होतं," झिपरी म्हणाली. "मान म्हणून दिलं होतं."

"तसंच एक पीस माझ्याकडे आहे, त्यावर काय लिहिलंय ते मी वाचते. 'हे पीस जो धारण करील तो पलीकडे उतरेपर्यंत पक्षी समजला जाईल.' आता महाराज, पक्षी आभाळातून पडला, तर पाडला कुणी? तो आपणच पडला."

महाराजांनी डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं विचार करताहेत. तिन्हीसांजेला पाणकोंबडीनं झिपरीच्या हातात पीस ठेवलं. पुढची तारीख.

दोन पावसाळे गेले ते एवढ्याच गोष्टीत, की त्या दिवशी टोपलीत जे होतं ते खार होतं की पक्षी. झिपरीनं शेपटी दाखवली. साळुंकी म्हणाली, शेपटी पक्ष्यालाही असते. झिपरीनं दात दाखवले. साळुंकी म्हणाली, दात दाखवणं हा न्यायाचा अपमान आहे. शेवटी महाराजांनीच मान बाहेर काढली.

"सोपं आहे," महाराज म्हणाले. "खार झाडावर चढते. अर्जदारणीनं त्या समोरच्या उंबरावर चढून दाखवावं. चढली तर खार."

झिपरी उंबराकडे बघत राहिली.

"चढता आलं असतं महाराज," ती म्हणाली, "तर मी इथं कशाला आले असते?"

"म्हणजे चढता येत नाही?"

"नाही."

पाणकोंबडीनं नखानं पिसावर कोरलं: अर्जदारणीस झाडावर चढता आले नाही. साळुंकीनं खाली वाकून ते वाचलं आणि समाधानानं पंख झाडले.

त्या दिवशी झिपरी परत आली तेव्हा अंधारून आलं होतं, आणि मुळाशी एक म्हातारं, नखं झिजलेलं रानमांजर बसलेलं होतं. चुंदाक्कानं आतून किंचाळून, घाण वास सोडून मांजराला घालवलं, पण तोवर झिपरीची अर्धी शेपटी गेली होती.

"रोज येईल आता ते," चुंदाक्का धापा टाकत म्हणाली. "चटक लागली त्याला. माझं काय, मला कुणी तोंडात धरत नाही. तू जमिनीवरची नव्हेस गं झिपरे. तुझं वर जायचं बघ."

"तेच तर बघतेय, चुंदाक्का."

"कसलं बघतेस! पिसं आणतेस नुसती. बीळ भरलं माझं पिसांनी. रात्री कूस बदलली की दांडी टोचते. उद्या सगळी बाहेर काढ, नाहीतर त्यांच्यासकट बाहेर हो."

झिपरीनं दुसऱ्या दिवशी पिसं बाहेर काढली. चांगला भारा निघाला. टाकवेनात, एकेका पिसामागं एकेक दिवसाची पायपीट होती. ठेवायची कुठं म्हणून तिनं त्यातलं एक बेहड्याच्या सालीच्या भेगेत खोचलं. मग दुसरं, जरा वर. कुत्र्याची चाहूल लागली म्हणून ती दचकून उडी मारून त्या दुसऱ्या पिसावर जाऊन बसली, आणि कुत्रा निघून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण बसलो आहोत. पिसाची दांडी वाकली नव्हती. करकोच्याचं उडायचं पीस ते, दरी ओलांडणारं.

त्या दिवसापासून झिपरी तळ्यावर निराळीच वागायला लागली. पूर्वी ती वाद घालायची, रडायची, महाराजांच्या पाया पडायची. आता शहाण्यासारखी एका कडेला बसे. साळुंकी म्हणे, "साक्षीला आमचा करकोचा आज येऊ शकत नाही," की झिपरी म्हणे, "असू दे, असू दे, सावकाश येऊ द्या." साळुंकी बुचकळ्यात पडायची. पाणकोंबडी पीस देऊ लागली की झिपरी ते दोन्ही टोकांना धरून वाकवून बघे.

"हे मऊ आहे बाई. ताठ बघून द्या."

"तारीख दोन्हीवर तीच आहे!"

"तारीख असू दे. दांडी बघा."

घरी येऊन ती पीस दातांत धरी, तीन पायांनी शेवटच्या पायरीपर्यंत जाई आणि सालीत ठोकी. मांजर खाली बसून बघे. एका पावसाळ्यात ते चौथ्या पायरीपर्यंत चढलं होतं, पण पीस खारीला पेलतं ते मांजराला पेलत नाही. पुन्हा चढलं नाही ते. चुंदाक्का खालून ओरडे, "आज किती झाली गं?" आणि ढोली जवळ येत चालली तशी झिपरीला तिच्या कडेला उगवलेला हिरवा कोंभ दिसायला लागला, तिनंच कधीकाळी लपवलेलं बी होतं ते.

एकच पायरी उरली.

आणि नेमकी त्याच वेळी तळ्यावर आवई उठली की निकाल लागणार. मुलूख गोळा झाला. थोरले करकोचे आले. चुंदाक्कासुद्धा आली, आणि तिच्याभोवती आपोआप मोकळी जागा झाली. पाणकोंबडीला झिपरीची आता सवय झाली होती, थोडी मायाही. तिनं पंखाआडून हळूच सांगितलं:

"जिंकलीस बरं का. शिडी मंजूर आहे. महाराजांनी सगळं नीट लिहिलंय. करकोच्यांनी शिडी करून तुझ्या ढोलीत नेऊन ठेवायची, आणि तू वर जाऊन ती ताब्यात घ्यायची."

झिपरीनं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "निकालाचं पीस मला मिळतं का?"

"छे! निकालाचं पीस दप्तरी राहतं. हातात देतात ते तारखेचं."

महाराजांनी मान लांब केली. घसा खाकरला. तेवढ्यात झिपरी तीन पायांवर उभी राहिली.

"महाराज, निकाल नको. तारीख द्या."

असं त्या खडकापुढं आजवर कुणी बोललं नव्हतं. महाराजांची मान थोडी आत गेली.

"पण तू जिंकण्याचा संभव आहे," ते म्हणाले.

"तुमची कृपा आहे महाराज. पण एवढी घाई नको. माझ्यासारखीसाठी तुम्ही उगाच उतावीळ होऊ नका."

"आमची हरकत आहे!" साळुंकी ओरडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या स्वतःच्याच आवाजात ओरडली. तारीख मागायचं काम आजवर तिचं होतं, आणि कुणीतरी ते तिच्या तोंडून काढून घेतलं होतं.

महाराजांना मात्र बरं वाटलं. एवढ्या वर्षांत कुणीतरी त्यांचा स्वभाव ओळखला होता. त्यांनी मान आत घेतली आणि आतूनच म्हणाले, "मंजूर."

पाणकोंबडीनं गठ्ठ्यातलं सगळ्यात ताठ पीस निवडलं.

पुढच्या तारखेला तिनं तीनदा नाव पुकारलं. झिपरी खार हाजिर आहे का, झिपरी खार. आवाज तळ्यावरून निघाला, रानावरून गेला आणि बेहड्यापर्यंत पोचता पोचता पार बारीक झाला. ढोलीत झिपरीनं अर्धी शेपटी नाकावर ओढून घेतली आणि कूस बदलली. खालून चुंदाक्का कुणाशी तरी भांडत होती.

त्याच सकाळी झिपरीला पाडणारा तो करकोचा टोपली घेऊन दरीकडे निघाला होता. टोपलीत एक सशीण होती, कानामागं पांढरं पीस खोचून, मान ताठ करून बसलेली. करकोचा आता नवा राहिला नव्हता, पण थोरल्यांची धास्ती पहिल्या दिवसाइतकीच होती. धुक्यातून बाहेर पडताना त्याला समोर काहीतरी उंच, पांढरं दिसलं. बुंध्यापासून वरपर्यंत नुसती पिसं, एकावर एक, आणि प्रत्येक पिसावर एकेक तारीख. एवढा थोर करकोचा त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

तो आभाळात जागच्या जागी थांबला. टोपली त्यानं चोचीतून पायांत घेतली, घट्ट धरली, पुन्हा एकदा वाकून बघितली. आणि मग चोच वाजवली, तीनदा.