उंच खुर्चीतले अध्यक्ष

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, अगदी शपथेवर सांगतो. फक्त मी तिथे नव्हतो, आणि ज्याने मला सांगितली तोही नव्हता.

तालुक्याच्या वाचनालयाची वेबसाइट वैदेही नाबर बनवत होती. अध्यक्ष अप्पासाहेब म्हणाले, "हेडिंगचा टॅग लावला की अक्षरं मोठी होतात ना? मग माझ्या सगळ्या घोषवाक्यांना तोच लावा."

"अप्पासाहेब, टॅग म्हणजे पानाच्या आतली खूण. अंध वाचकांना पान वाचून दाखवणारा फोन ती खूण बघून त्यांना हेडिंगवरून हेडिंगवर नेतो. ते तुमच्या घोषवाक्यांतच फिरत राहतील, पुस्तकांपर्यंत पोचायचेच नाहीत."

"आतले टॅग कोण बघतंय? मोठं दिसतं ते हेडिंग! उद्याच्या बैठकीत तसं दाखवा, नाहीतर काम दुसऱ्याला."

दुसऱ्या दिवशी अप्पासाहेब आले, तर त्यांच्या उंच पाठीच्या खुर्चीत शिपाई महादू ऐसपैस बसलेला.

"ऊठ रे!"

"बसू द्या त्यांना," वैदेही म्हणाली. "उंच खुर्चीत दिसतात ते अध्यक्ष. नियम तुमचाच."

"अहो बाई, मी स्टुलावर बसलो तरी अध्यक्षच!"

"तसंच घोषवाक्य कितीही मोठं दिसलं तरी घोषवाक्यच. टॅग मी कामाप्रमाणे लावते, अक्षरं तुम्ही म्हणाल तेवढी मोठी करते. चालेल?"

सगळी बैठक हसली. अप्पासाहेब म्हणाले, "लावा तुमच्या मनासारखे!" महादू लगेच उठला आणि अप्पासाहेब आपल्या खुर्चीत बसले.

यातलं शेवटचं वाक्य मात्र माझ्या पदरचं. महादू काही बैठक संपेपर्यंत उठला नाही.