पिठाचं दळण

"अक्का, ती गिरणी बंद करा हो! ह्या घरघरीत पोरं मन मोकळं करणार कशी?"

निषाद पुण्याहून समाजकार्याची पदवी घेऊन आला होता. सोबत दोन खुर्च्या, एक पडदा आणि डोळे पुसायच्या कागदी रुमालांचा खोका. गिरणीच्या मागच्या खोलीत त्यानं समुपदेशन केंद्र थाटलं. महिनाभरात एकच माणूस आत आला. पिठानं शिंका आल्या म्हणून रुमाल घेऊन गेला.

अक्का तीस वर्षं उषाबाईंसोबत संसार करत होती आणि तितकीच वर्षं जयसिंगपुरात ही गिरणी चालवत होती. आपलं प्रेम ज्यांना घरात सांगता येत नाही, अशी पोरं-पोरी दळणाचा डबा घेऊन तिच्याकडं यायची.

"तू तुझ्या आईला सांगितलंस?" अक्कानं विचारलं.

"माझा... माझा विषय वेगळा आहे. मी शिकलेला आहे."

"बरं."

तेवढ्यात तेजल आली. चार दिवसांतली चौथी फेरी. रविवारी तिचा एका मुलाशी साखरपुडा होता, आणि तोंडातून अजून शब्द फुटला नव्हता.

निषादनं डब्याचं झाकण उघडलं. "अहो, हे तर पीठच आहे!"

पोरगी लाजेनं मेल्याहून मेल्यासारखी झाली. माघारी वळलीच.

"गप रे दीडशहाण्या!" अक्कानं डबा ओढला, पिठात बोटं फिरवली. "जाडं राहिलंय."

आणि चक्क पीठ गिरणीत ओतलं. पट्टा फिरला. घरघर...

तेजल अक्काच्या कानाशी वाकली. आधी पुटपुटली, मग बोलली, मग गळ्याच्या शिरा ताणून ओरडली. अक्का मान डोलवत राहिली.

गिरणी थांबली. भुवयांपर्यंत पांढरी झालेली तेजल रडता रडता हसत होती.

"आज घरी सांगते, अक्का. मला हे लग्न नको. तुम्ही याल?"

"येते की. उषाला पण आणते. भांडायला तीच बरी."

तेजल गेली. निषादला राहवेना. "काय म्हणाली ती?"

"काय की. ह्या कानानं मला ऐकूच येत नाही."

"मग मान कशाला डोलावलीत?"

अक्का सांडलेलं पीठ झाडत राहिली.

सोमवार उजाडला. साखरपुडा मोडला होता आणि उषाबाईंचा घसा बसला होता. अक्का गिरणी उघडायला आली, तर दारात निषाद. मान खाली, हातात डबा.

अक्कानं झाकण उघडलं. पीठ.

तिनं त्यात बोटं फिरवली.

"जाडंच राहिलंय की रे," अक्का म्हणाली. "ये, ह्या बहिऱ्या कानाकडं उभा राहा."