अकरा पोरांचे वार

"मग माणसं आणायची तरी कुठून, वस्ताद?"

दस्तगीर वस्तादांचं लक्ष जमिनीवर होतं. ते वाकून मैदानाच्या कडेची रेघ मारत होते. डब्यातली पांढरी फक्की दोरीलगत सरळ पडत होती.

विचारणारे धैर्यशील इंगवले कोल्हापुरातल्या एका कॉलेजचे क्रीडा संचालक होते. नावामागे डॉक्टर लागलेलं. पण पंचवीस वर्षांपूर्वी याच वस्तादांच्या हाताखाली तालमीच्या फुटबॉल संघात ते गोलकीपर होते. वस्तादांनी आता शिकवणं सोडलं होतं. कॉलेजचं मैदान आखून द्यायचं काम तेवढं करत.

"दोरीचं टोक धर," वस्ताद म्हणाले.

इंगवल्यांनी इस्त्रीची पँट सावरली आणि उकिडवे बसून टोक धरलं.

"तालमींची मॅच असली की निम्मं शहर लोटतं. झाडावर चढून बघतात. आणि आमच्या मॅचला..."

"काल किती होती?"

"मला धरून एक्केचाळीस."

"मोजलीस?"

"दर दहा मिनिटांनी मोजतो. गॅलरीकडं तोंड करून उभाच असतो. तक्ता केलाय."

"काल आपला गोल कुणी मारला?"



"...नऊ नंबरनं असेल."

"मग चाळीसच," वस्ताद म्हणाले आणि पुढं सरकले.

जरा वेळानं त्यांनीच विचारलं, "काय काय केलंस?"

इंगवल्यांनी सांगितलं. चौकाचौकांत फलक लावले. हलगीवाले आणले. पंचवीस विद्यार्थ्यांना एकसारखे टी-शर्ट देऊन टाळ्या वाजवायला बसवलं. त्यांनी समोरच्या संघाच्या गोललाही टाळ्या वाजवल्या.

"मॅचला येईल त्याला दोन तासांची हजेरीसुद्धा दिली."

"मग?"

"दोनशे जणांनी सह्या केल्या आणि मागच्या फाटकानं गेले."

वस्ताद हसले नाहीत.

"हसण्यासारखं नाहीच, वस्ताद. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संस्थेचे अध्यक्ष स्वतः मॅच बघायला येणार आहेत. गॅलरी रिकामी दिसली की संघ बंद. या मैदानाचं पार्किंग करायचं चाललंय."

वस्तादांनी दोरी पुढं ओढली.

"माझं काय, मी कॅरम शिकवीन. पण राखीव सोडली तर पोरं सगळी बाहेरगावची. कुणी चंदगडचं, कुणी सावंतवाडीचं. फुटबॉलवर प्रवेश मिळालाय. संघ गेला की वसतिगृहातली खोली गेली. खोली गेली की शिक्षण गेलं."

वस्तादांनी डबा खाली ठेवला.

"पोरं जेवत्यात कुठं?"

"मेसमध्ये. आहाराचा तक्ता मी स्वतः केलाय. अंडी, केळी, मोडाची कडधान्यं..."

"रातचं जेवण बंद कर."

"काय?"

"मागच्या गल्लीत वार लावून दे पोरांना."

पूर्वी शिकायला आलेली गरीब मुलं सोमवारी एका घरी जेवत, मंगळवारी दुसऱ्या. आठवड्याचे सात वार, सात घरं. ती पद्धत मोडून किती वर्षं झाली, हे इंगवल्यांना सांगता आलं नसतं. पण तिचं नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला.

"मी प्रेक्षक मागतोय, वस्ताद. तुम्ही भाकरी सांगताय."

"व्हय."

"माझी पोरं भिकारी आहेत का?"

"न्हाईत. म्हणून जरा अवघड जाईल."

"निदान कशासाठी ते तरी सांगा."

वस्तादांनी एक डोळा मिटून रेघेकडं पाहिलं.

"वाकडी आली बघ. दोरी हालिवलीस."

इंगवले उठून गेले.

पहिल्या शनिवारी अडतीस माणसं आली.

सोमवारी इंगवल्यांनी पत्र छापून घेतलं. वर कॉलेजचा शिक्का, खाली त्यांची सही, मधे "क्रीडापटू स्नेहभोजन योजना". ते स्वतः मागच्या गल्लीत गेले आणि तासाभरात परत आले.

"कुणी दारच उघडेना, वस्ताद. वर्गणीवाला समजले. एकीनं खिडकीतूनच सांगितलं, मालक घरात न्हाईत."

"पोरं हुती संगं?"

"नाही. आधी परवानगी घ्यावी म्हटलं."

"मग वाढायचं कुणाला? पत्राला?"

इंगवले पत्रांचा गठ्ठा धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "उद्या पोरांना घेऊन जातो."

"जा. जेवल्यावर ताट ज्याचं त्यानं धुयाचं. आणि एक. मॅचचं नाव काढायचं न्हाई."

"मॅचचं नाव काढायचं नाही? मग त्यांना कळणार कसं?"

वस्ताद दोरी गुंडाळत होते. ती गुंडाळून त्यांनी खांद्याला अडकवली आणि चालू लागले.

मंगळवारी संध्याकाळी इंगवले अकरा पोरांना घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. पहिलं घर पिठाच्या गिरणीवाल्या आक्काताई चौगुल्यांचं. आक्काताईंनी पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं आणि सर्वांत पुढं उभ्या असलेल्या नेल्सनकडं खालून वर पाहिलं. नेल्सन लोबो सावंतवाडीचा, सात नंबरचा शर्ट घालायचा.

"ह्यो जेवतोय तरी का?"

"जेवतो," इंगवले म्हणाले. "म्हणजे, मेसचं अन्न..."

"मेसचं सांगू नगा. नाव काय रं तुझं?"

"नेल्सन."

"नेल्सन. सोमवार माझा. आज मंगळवार हाय, पर आजबी बस."

पलीकडच्या हौसाबाई पाटील दारात येऊन उभ्याच होत्या.

"सगळं तूच घे आक्का. बुधवारी माझ्याकडं येऊ दे त्याला."

समोर गणपा कंडक्टर राहत. एसटीतून रिटायर झालेले, घरात नवरा-बायको दोघंच. त्यांनी गोलकीपर मकबूल आणि चंदगडचा सुदेश या दोघांना आत ओढलं.

"एकट्याला वाढायला बरं वाटत न्हाई," ते म्हणाले. "चला, आत चला. दारात गर्दी करू नका."

दिवेलागणीला इंगवले गल्लीत एकटे उभे होते. अकराही पोरं घराघरांत गेली होती. कुणीतरी त्यांनाही विचारलं, "तुमी कुणाकडं?" त्यांनी घाईनं मान हलवली आणि घरी गेले.

दुसऱ्या शनिवारी त्रेचाळीस.

"दोन वाढली," इंगवले म्हणाले. "म्हणजे सुरुवातीपेक्षा. ती दोघं सावलीला आली होती."

वस्ताद फक्की चाळत होते. चाळतच राहिले.

"पंधरा दिवस राहिलेत, वस्ताद."

"पोरं ताटं धुत्यात का?"

"धुतात."

"मग झालं."

तिसऱ्या शनिवारी हाफटाइमला आक्काताई डबा घेऊन फाटकाशी आल्या. नेल्सनचा शनिवार गणपांकडं, आणि ते नवरा-बायको दोघंही त्या दिवशी गावाला गेलेले. पोरगं उपाशी राहील म्हणून त्या आल्या होत्या. खेळ परत सुरू झाला, तसा नेल्सनला डबा खायला वेळ मिळाला नाही. मग त्या गोलमागं उभ्या राहिल्या. पायाशी डबा, डोक्यावर पदर.

दहा मिनिटं पाहिलं. समोरच्या खेळाडूनं नेल्सनला पाडलं, तशा त्या दोन पावलं रेघेच्या आत आल्या. पंचांनी हात करून बाहेर घातलं.

"ते पोरगं पाडतंय ह्याला, तुमी मला काय बाहेर घालताय?"

मॅच संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. जाताना नेल्सनला म्हणाल्या, "ह्ये असलं रोज करतोयस व्हय? आणि सांगितलं न्हाईस ते?"

त्या संध्याकाळी इंगवल्यांनी तक्त्यात लिहिलं: चव्वेचाळीस.

शेवटचा शनिवार आला. अध्यक्षांसाठी गॅलरीत सोफा मांडला होता. चार वाजता इंगवले फाटकाशी हार घेऊन उभे राहिले. आधी गल्ली आली.

आक्काताई गिरणी बंद करून आल्या. हौसाबाई दोन सुना आणि एका नणंदेला घेऊन आल्या. गणपा कंडक्टरांनी आपल्या पाळीचे सात-आठ रिटायर कंडक्टर आणले. माहेरी आलेल्या लेकी आल्या, वरच्या माडीचे भाडेकरू आले. कुणीच गॅलरीत बसलं नाही. तिथून पोरांची तोंडं दिसत नाहीत म्हणाले. सगळे फक्कीच्या रेघेला पाय लावून खाली बसले. वसतिगृहाच्या खिडक्यांतून मुलं बघत होती, काय चाललंय ते. बघता बघता तीही खाली आली.

अध्यक्ष आले तेव्हा सोफ्यावर आक्काताईंची पिठानं पांढरी झालेली पिशवी होती. ते क्षणभर थांबले. मग तेही रेघेजवळ, गणपांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले.

विसाव्या मिनिटाला नेल्सनपुढं मोकळा गोल होता. त्यानं चेंडू वरून मारला.

आक्काताई उभ्या राहिल्या.

"आरं ए नेल्सन! सोमवारी चार भाकऱ्या, बुधवारी ह्या हौसाकडं पाच! त्या काय पायात उतरल्याच न्हाईत व्हय रं, मुडद्या?"

"माझ्या भाकरीचं नाव काढू नगंस," हौसाबाई बसूनच म्हणाल्या. "पीठ तुझ्या गिरणीचं हाय."

सगळी रेघ हसली. मैदानात नेल्सनही हसला, मग कान पकडून पळत मागं गेला.

मकबूल गोलमधून पुढं येईना, तसे गणपा ओरडले, "पुढं सरका, पुढं सरका! पुढं जागा हाय!" आणि मागचे सगळे कंडक्टर एका सुरात, "पुढं सरकाऽ!"

अध्यक्षांनी गणपांकडं वाकून विचारलं, "हा सात नंबर कोण?"

गणपांनी त्यांच्या पांढऱ्या कपड्यांकडं पाहिलं.

"नवीन दिसताय."

"...हो."

"नेल्सन. आमचा हाय. डाव्या पायानं बरा मारतोय, पर बेणं उजव्यानंच मारायला जातंय. आता बघा, आता बघा..."

हाफटाइमनंतर इंगवल्यांनी सुदेशला बाहेर घेतलं. सुदेशचे सात वार ज्या सात घरी होते, ती सातही घरं एकदम उठली. इंगवल्यांना काय काय ऐकावं लागलं, ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "सायेब, डोस्कं घरी ठिवून आला काय?" हे त्यातलं सौम्य. पाच मिनिटांत त्यांनी आणखी एकाला बसवून गावातलाच राखीव पोरगा घातला. त्याबद्दल त्या बसवलेल्या पोराच्या घरांकडून ऐकलं.

सत्तराव्या मिनिटाला चेंडू पुन्हा नेल्सनकडं आला. "डाव्यानं!" असं जे ओरडले, त्यांत अध्यक्ष होते. ओरडल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

त्या डाव्या पायाच्या गोलनं मॅच एक-एक अशी बरोबरीत सुटली.

जाताना अध्यक्षांनी इंगवल्यांना बाजूला घेतलं.

"संघ राहू दे. पार्किंगला दुसरी जागा बघू." मग गाडीत बसता बसता म्हणाले, "तेवढं लोकांच्या तोंडाचं काहीतरी करा. कॉलेज आहे हे."

मैदान मोकळं व्हायला बराच वेळ लागला. नेल्सनला मधे घेऊन आक्काताई आणि हौसाबाई फाटकापर्यंत भांडत गेल्या. पुसटलेल्या रेघेवर माणसं बसल्याच्या खुणा होत्या. दस्तगीर वस्ताद गोलच्या खांबाशी बसून चप्पल झटकत होते.

इंगवले त्यांच्यासमोर मातीतच बसले. पँटीकडं पाहिलं नाही.

"संघ राहिला, वस्ताद."

"बरं झालं."

"पोरांच्या खोल्या राहिल्या."

"बेस झालं."

इंगवले बसूनच राहिले.

"अजून काय?"

"एक अडचण झालीय. अध्यक्षसुद्धा बोलून गेले. फलक लावावा म्हणतो, प्रेक्षकांनी सभ्यता पाळावी म्हणून..." ते अडखळले. "लोक पोरांना शिव्या देतात, वस्ताद."

"कुणाला?"

"सगळ्यांना. नेल्सनला तर मुडद्या म्हणाल्या. भर मैदानात."

"आणि तुला?"

"मला पण."

"नाव घिऊन?"

इंगवल्यांनी मान खाली घातली. "नाव घेऊन. इंगवल्या म्हणून."

वस्तादांनी दुसरी चप्पल झटकली, पायात घातली, आणि इंगवल्यांच्या खांद्याचा आधार घेऊन सावकाश उठले.

"मग आली म्हण की रं माणसं."